काळ्या मातीतला शर्मन: रणगाड्याची पहिली प्रतिकृती जोडताना आणि मळवताना

लष्करी वाहनाची प्रतिकृती पहिल्यांदाच करायला बसणारा माणूस बहुधा डब्यावरचे चित्र पाहून किट घेतो, आठवडाभर सुटे भाग जोडतो, हिरवा रंग देतो आणि सगळ्यात शेवटी, आता गंज कुठे लावायचा आणि चिखल कुठे, या प्रश्नापाशी येऊन अडतो. हा क्रम उलटा करावा, असे माझे सांगणे आहे. डिंकाची बाटली उघडण्यापूर्वीच हे वाहन कोणत्या मुलखात, कोणत्या महिन्यात आणि किती दिवस चालून उभे आहे, हे वहीत एका ओळीत लिहून ठेवावे. वेदरिंग, म्हणजे साध्या मराठीत वाहन मळवणे, हे त्या ओळीवरूनच ठरते. पत्र्यावरचे ओरखडे, चाकांमधला गाळ आणि झाकणाभोवतीची धूळ या सगळ्यांविषयी पुढे पडणाऱ्या शंकांची उत्तरे तिथेच सापडतात.

पहिली ओळ आणि किटची निवड

उदाहरणासाठी मी शर्मन रणगाडा घेतो, कारण त्याचा धागा आपल्या भागाशी जुळतो. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरले तेव्हा नळदुर्गला चकमक झाली, आणि त्या काळात भारतीय चिलखती दलाकडे शर्मन व स्टुअर्ट हे रणगाडे होते. सप्टेंबरात धाराशिव-लातूरकडची भारी जमीन पाणी पिऊन फुगलेली असते, आणि पाऊस उघडून वाफसा येईपर्यंत तिच्यात पाय घातला तर चप्पल आतच राहते. ही झाली एक ओळ. आता दुसरी पाहा. ज्या रेजिमेंटची मुळे निजामाच्या घोडदळात आहेत त्या डेक्कन हॉर्सकडे सप्टेंबर १९६५ मध्ये, असल उत्तरच्या लढाईत, शर्मनच होते. पण ती जमीन पंजाबच्या नद्यांनी आणलेल्या गाळाची, पिवळसर करड्या रंगाची. महिना तोच, रणगाडा त्याच जातीचा, आणि तरीही दोन्ही प्रतिकृतींच्या चाकांवरचा चिखल एकसारखा दिसला तर त्यातली एक नक्की चुकली आहे.

ओळ ठरली की किट निवडणे सोपे जाते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात भारतीय रेजिमेंटांनी वापरलेल्या शर्मनवर ७५ मिमीची तोफ होती, तर १९६५ मध्ये ७६ मिमी तोफेचेही शर्मन होते. ज्यांना अचूकतेची हौस आहे त्यांनी डबा घेण्यापूर्वी एवढे तरी तपासावे. प्रमाण १:३५ घ्यावे. खऱ्या शर्मनचा ५.८४ मीटर लांबीचा सांगाडा या प्रमाणात सुमारे १६.७ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे हातात नीट मावतो आणि बारीक भाग चिमट्याने धरता येतात. १:७२ मध्ये तोच आठ सेंटिमीटरचा होतो आणि नवख्याचे डोळे शिणतात. पस्तीस हा विचित्र आकडा आला कुठून, असे पुष्कळांना वाटते. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचे चालते किट काढले, तेव्हा मोटर आणि बॅटऱ्या आत बसतील एवढा आकार धरला गेला आणि तेच प्रमाण पुढे जगभर रूढ झाले.

पहिल्या किटमध्ये आतील इंजिन, धातूचे कोरीव पत्रे आणि शेकडो सुट्या कड्यांचे पट्टे नसावेत. हे सगळे मोहाचे आहे, पण पहिल्या खेपेला त्यातच दम जातो आणि अर्धवट डबा माळ्यावर जातो.

छत्रपती संभाजीनगरहून दोन-अडीच तासांच्या अंतरावर अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय आहे, जे १९९४ मध्ये सुरू झाले. जमल्यास तिथे एकदा जाऊन यावे, मात्र काय पाहायचे ते ठरवून जावे. उघड्यावर उभ्या केलेल्या रणगाड्यांना वर्षानुवर्षे रंगाचे थर चढवलेले असतात, त्यामुळे धूळ, गंज आणि चिखल यांचा अभ्यास तिथे होत नाही. ओतीव पोलादाचा खडबडीतपणा, वेल्डिंगच्या शिवणी आणि पट्ट्यांची जाडी मात्र तिथेच कळते. मळवण्याचा अभ्यास करायचा असेल तर गावातला ट्रॅक्टर पाहावा, त्याविषयी पुढे येईलच.

हत्यारे आणि डिंक

भाग चौकटीतून कापण्यासाठी बारीक तोंडाचा साइड कटर, ब्लेड बदलता येणारी सुरी, टोकदार चिमटा आणि ४००, ६०० व १००० नंबरचा पाणीपेपर एवढे पुरते. नखकटरनेही काम भागते, पण तो भागाच्या अंगाला चावतो. डिंक मात्र तीन प्रकारचे लागतात आणि त्यांची गल्लत करू नये. प्लास्टिकसाठीचा पातळ सिमेंट हा खरे तर डिंकच नव्हे. तो दोन्ही बाजूंचे पॉलिस्टायरीन विरघळवतो आणि सांधा वाळला की दोन तुकड्यांचे एक प्लास्टिक होते. फेविक्विकसारखा झटपट डिंक धातू आणि व्हिनाइलसाठी वापरावा, कारण तो प्लास्टिकला वितळवत नाही, नुसता धरून ठेवतो. दिव्याच्या काचेसारखे पारदर्शक भाग फेविकॉलने चिकटवावेत, कारण झटपट डिंकाची वाफ पारदर्शक भागावर पांढरी साय धरते.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एनसी थिनर प्रतिकृतीजवळ आणूच नये. तो रंग पातळ करतो तसा पत्राही पातळ करतो, आणि इथे पत्रा प्लास्टिकचा आहे. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी असावी, आणि हे सामान देवघरातल्या समईपासून लांबच्या खोलीत ठेवावे.

जोडणी

सर्वप्रथम सगळ्या चौकटी भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवाव्यात, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेले तेल प्लास्टिकवर राहिलेले असते आणि त्यावर रंग धरत नाही. भाग कापताना दोनदा कापावे: पहिला काप भागापासून थोडा दूर, दुसरा अगदी जवळ, आणि उरलेला उंचवटा पाणीपेपरने घासावा. एकाच कापात काम उरकले की प्लास्टिक ताणले जाऊन त्या जागी पांढरा डाग किंवा खड्डा पडतो, आणि तो नेमका दर्शनी बाजूला असतो.

शर्मनच्या प्रत्येक बाजूला तीन बोगी आणि प्रत्येक बोगीत दोन चाके, अशी एकूण बारा चाके जमिनीला टेकतात. ही बाराही एका पातळीत येणे हा जोडणीतला सर्वांत नाजूक भाग आहे. सिमेंट लावून बोगी बसवल्या की सांगाडा लगेच सपाट काचेवर ठेवावा, वर एखादे पुस्तक ठेवावे आणि कोणते चाक हवेत आहे ते कागदाची पट्टी खालून सरकवून तपासावे. सिमेंट ओले असेपर्यंत, म्हणजे सुमारे दहा मिनिटे, चूक सुधारता येते. त्यानंतर तुटते, सुधारत नाही.

पट्ट्यांविषयी एक गोष्ट पाठ असावी. रशियन बनावटीच्या टी-५५ ला वरच्या बाजूने पट्टा उचलून धरणारे रोलर नसतात, म्हणून त्याचा पट्टा झोळीसारखा चाकांवर लोळतो. शर्मनला असे रोलर असतात आणि पट्ट्याच्या पिनांभोवती रबर असते, त्यामुळे तो बराच ताठ राहतो. टी-५५ ची छायाचित्रे पाहून शर्मनचा पट्टा लोंबता ठेवणारे पुष्कळ आढळतात. मीही त्यातलाच होतो.

तोफेचा ओतीव बुरूज गुळगुळीत राहिला तर खेळण्यासारखा दिसतो. त्यावर पातळ सिमेंटचा हात फिरवून, प्लास्टिक मऊ असतानाच, राठ झालेल्या जुन्या ब्रशने ठिपक्यांसारखे टोचत जावे. पोत एवढाच असावा की बोटाला जाणवेल, पण हातभर अंतरावरून नजरेला खुपणार नाही. पट्टे आणि बाहेरची अवजारे, म्हणजे फावडे, कुऱ्हाड, पहार, दोरखंड, या टप्प्यावर चिकटवू नयेत. ती वेगळी रंगवून नंतर बसवावीत.

प्रायमर आणि मूळ रंग

मराठवाड्यात रंगकामाचा खरा शत्रू हवा आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता मी पहिला बुरूज गच्चीवर नेऊन त्यावर फवाऱ्याचा प्रायमर, म्हणजे रंग धरावा म्हणून आधी द्यायचा थर, मारला, आणि तो रंग हवेतच वाळून पृष्ठभागावर पिठासारखा बसला. संध्याकाळी हात लावला तर पाणीपेपरावर हात फिरवल्याचा भास झाला. उन्हाळ्यात हे काम सकाळी आठच्या आत करावे, डबा वीसेक सेंटिमीटर अंतरावर धरावा आणि फवारा सतत हलता ठेवावा. पावसाळ्यात उलट होते: हवा दमट असेल तर मॅट, म्हणजे चमक नसलेले, वार्निश पांढरे धुकट पडते, म्हणून उघडीप पाहूनच ते मारावे.

एअरब्रश नसला तरी काही अडत नाही. चपट्या मऊ ब्रशने पातळ अॅक्रिलिकचे तीन हात दिले तर रंग उत्तम बसतो, मात्र पहिला हात डागाळलेला दिसला म्हणून त्याच जागी ओल्यावर पुन्हा ब्रश फिरवण्याचा मोह टाळावा. डब्यातला ऑलिव्ह हिरवा जसाच्या तसा लावू नये. लहान वस्तूवर गडद रंग अधिकच गडद भासतो, म्हणून त्यात थोडा बदामी किंवा फिकट पिवळा मिसळून तो उजळ करावा. पुढे वॉश आणि धूळ चढल्यावर तो योग्य जागी येतो. वरच्या आडव्या पत्र्यांवर, जिथे ऊन थेट पडते, आणखी एक फिकट छटा द्यावी.

रंग पातळ करायला बोअरचे पाणी चालत नाही. आपल्याकडचे पाणी क्षारांचे आहे; वाळल्यावर माठाच्या बाहेर जसे पांढरे फुटते तसेच ते रंगावर फुटते. रंगासाठी, आणि डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचे क्रमांक व खुणांचे छाप, भिजवण्यासाठीही, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी वापरावे. डिकॅल नेहमी चकचकीत वार्निशच्या थरावर लावावेत, कारण मॅट रंगाच्या खाचांमध्ये हवा अडकली की त्यांच्याखाली चंदेरी चमक दिसते.

वॉश

वॉश म्हणजे अतिशय पातळ गडद रंग, जो खाचाखोचांत शिरून सावली दाखवतो. ट्यूबमधला गडद तपकिरी तैलरंग पुठ्ठ्यावर पिळून अर्धा तास ठेवावा, म्हणजे त्यातले जवसाचे तेल पुठ्ठा शोषून घेतो आणि रंग मॅट वाळतो. मग तो टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करून बारीक ब्रशच्या टोकाने रिव्हेट, झाकणाची कड आणि वेल्डिंगच्या शिवणीला नुसता टेकवावा. तो आपोआप रेषेने धावतो. खालचा रंग अॅक्रिलिकचा आणि पुरता वाळलेला असेल तर टर्पेंटाइन त्याला ढिला करत नाही, म्हणून चुकल्यास ओल्या ब्रशने पुसूनही टाकता येते. सगळ्या गाडीला वॉशने आंघोळ घालणे ही नवख्याची नेहमीची चूक आहे. त्याने सावली पडत नाही, गाडी नुसती मळकट होते.

ओरखडे आणि गंज

इथे मोजमाप डोक्यात असावे. १:३५ मध्ये एक मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटरचा, म्हणजे अंगठ्याएवढा, खरवडा. म्हणून भांडी घासायच्या स्पंजचा फाटका तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिपावा आणि मगच हलकेच टेकवावा. टेकवायचा कुठे, हे शेतातला ट्रॅक्टर सांगतो. चालकाचा पाय ज्या पायरीवर पडतो, हात जिथे धरतो आणि डिझेलचा कॅन जिथे घासतो, तिथला रंग गेलेला असतो. बॉनेटच्या मधोमध मात्र तो शाबूत असतो. रणगाड्यावर हेच झाकणांच्या कडा, पुढून चढण्याची जागा आणि अवजारांचे कुंडे यांना लागू होते.

गंजाबाबत हात आखडता घ्यावा. रोज चालणाऱ्या लष्करी गाडीचे जाड पोलाद गंजून तिला भोके पडत नाहीत. बांधावर चार वर्षे पडून असलेला नांगर लाल होतो, पण रोज चालणाऱ्या नांगराचा फाळ आरशासारखा चकाकतो. पट्ट्यांचेही तसेच असते. त्यातून शर्मनच्या अनेक पट्ट्यांच्या कड्या रबराच्या होत्या, आणि रबराला गंज चढत नाही. तुमच्या किटमधले पट्टे रबरी कड्यांचे असतील तर त्या काळपट करड्या रंगवाव्यात आणि फक्त टोकांच्या धातूच्या जोडण्यांना ६बी पेन्सिलची पूड बोटाने घासून चमक द्यावी. धुराड्याच्या नळ्यांना मात्र गंज हवाच. त्यासाठी पोळ्याला बैल रंगवून उरलेला गेरू वस्त्रगाळ करून वापरावा. विकतच्या गंजाच्या पुडीहून तो मला कुठेही कमी वाटलेला नाही.

चिखल

आता ज्यासाठी पहिली ओळ लिहिली होती तो भाग. काळ्या मातीचा चिखल इतर चिखलांसारखा वागत नाही. ओला असताना तो जवळजवळ काळा आणि चकचकीत असतो, चाकाला थापून बसतो, आणि एकावर एक थर चढून टायरची नक्षीच बुजवून टाकतो; वाळला की राखाडी होतो, आकसतो, त्याला भेगा पडतात आणि खपल्या निघतात. पावसाळ्यात शेतातून डांबरी रस्त्यावर आलेल्या ट्रॅक्टरचे मागचे चाक जवळ बसून पाहावे. टायरच्या कडेला ताजा काळा लगदा, मडगार्डच्या आतल्या बाजूला कालचा अर्धवट वाळलेला, आणि त्याच्याही वर गेल्या आठवड्यातील फिकट राखाडी शिंतोडे, ज्यांच्यावर रस्त्याच्या कडेच्या मुरमाची तांबूस धूळ बसलेली असते. एकाच चाकावर तीन दिवस दिसतात.

हे पाहून मी उत्साहाने स्वतःच्याच शेतातली माती आणली, तव्यावर भाजली, वस्त्रगाळ केली, फेविकॉलमध्ये कालवली आणि बोगींवर थापली. रात्री ते काम अप्रतिम दिसले. आठव्या दिवशी त्या चिखलाला खऱ्या रानासारख्याच भेगा पडल्या, खपल्या उचलल्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर खालचा रंगही प्लास्टिकपर्यंत सोलून आला. काळी माती आकसते हे शेतकऱ्याच्या घरात वाढून मला माहीत नव्हते असे नाही, पण ती मिठाच्या डबीएवढ्या जागेतही आपला स्वभाव सोडणार नाही, हे ध्यानात आले नव्हते.

म्हणून आता चिखलाचे अंग वेगळे आणि रंग वेगळा, अशी रीत मी ठेवतो. अंगासाठी दोन भाग मुरमाची वस्त्रगाळ धूळ, एक भाग प्लास्टर ऑफ पॅरिस आणि एक भाग पाणी घातलेले फेविकॉल घ्यावे, आणि त्यात काळा व तपकिरी अॅक्रिलिक मिसळून श्रीखंडाइतके घट्ट करावे. कालवलेले मिश्रण लवकर घट्ट होते, म्हणून एका वेळी चमचाभरच करावे. धूळ वस्त्रगाळच हवी, कारण एक मिलिमीटरचा खडा या प्रमाणात साडेतीन सेंटिमीटरची गिट्टी ठरतो. काळ्या मातीची भाजलेली पूड फक्त सर्वांत वर, ओल्या थरावर चिमटीने भुरभुरण्यासाठी वापरावी. इतक्या पातळ थरात ती आकसली तरी खपली धरत नाही.

लावण्याचा क्रम जुन्याकडून नव्याकडे असावा. प्रथम राखाडी कोरड्या खडूची पूड टर्पेंटाइनमध्ये कालवून सांगाड्याच्या खालच्या अर्ध्या भागावर फिरवावी आणि वाळल्यावर कोरड्या ब्रशने उभ्या दिशेने झाडावी. दुसऱ्या दिवशी वरचे मिश्रण बोगींच्या खोबणीत आणि पट्ट्यांवरच्या आडव्या पत्र्याखाली टूथपिकने भरावे, आणि ब्रश मिश्रणात बुडवून, त्यावर नळीने फुंकून, मागच्या भागावर शिंतोडे उडवावेत. पट्टा मागच्या बाजूने जमीन सोडतो आणि चिखल उचलून वरून पुढे आणतो, त्यामुळे मागचा भाग आणि बोगींच्या वरच्या सपाट जागा अधिक भराव्यात. चाकांच्या ज्या कडेवर पट्टा घासतो तिथला चिखल लगेच पुसून घ्यावा. शेवटी, ज्या थोड्या जागी चिखल आजचा आहे तिथे गडद तैलरंग चकचकीत वार्निशमध्ये मिसळून लावावा. हा ओलावा एकूण चिखलाच्या दहाव्या भागाहून जास्त नसावा, नाहीतर गाडी नदीतून आत्ताच वर आल्यासारखी दिसते.

असल उत्तरची ओळ लिहिली असेल तर याच कृतीत काळ्याऐवजी बदामी आणि किंचित पिवडी घालावी आणि काळ्या मातीची पूड वगळावी. तो चिखल इतका चिकट नसतो, म्हणून गोळे कमी आणि शिंतोडे जास्त ठेवावेत.

शेवटचे हात

आता वेगळी रंगवलेली अवजारे आणि पट्टे बसवावेत. पट्ट्यांच्या फटींतही त्याच मिश्रणाचा हात द्यावा, नाहीतर मळलेल्या गाडीला नवे बूट घातल्यासारखे दिसते. डिझेल किंवा पेट्रोल भरण्याच्या झाकणाखाली तैलरंग आणि वार्निशचा एक पातळ ओघळ सोडावा, दातेरी चाकाच्या दात्यांवर पेन्सिलची पूड घासावी, आणि माणसे जिथून चढतात तिथे वाळक्या मातीचे एक-दोन पुसट ठसे उमटवावेत. हे काम ट्यूबलाइटखाली न करता दिवसा खिडकीपाशी करावे, कारण ट्यूबलाइटखाली बरोबर वाटलेला राखाडी रंग उजेडात बऱ्याचदा निळसर निघतो.

प्रतिकृती काचेच्या किंवा अॅक्रिलिकच्या पेटीतच ठेवावी, कारण घरातली धूळ आपण लावलेल्या धुळीपेक्षा जाड असते आणि ती झाडताना आपली धूळही जाते. मात्र तैलरंग पूर्ण वाळायला आठ-दहा दिवस लागतात, आणि त्याआधी पेटी बंद केली तर टर्पेंटाइनची वाफ आत कोंडून काचेवर धुकट थर धरते. तोवर प्रतिकृतीवर उलटे पातेले न ठेवता, जाळीचे झाकण ठेवावे.